जुना टेम्पो घेताय? आधी वजन पाहा, मग किंमत

पंधरा-सोळा वर्षे आखातात नोकरी करून गावी परतलेले एक तरुण गृहस्थ गेल्या महिन्यात आपल्या मामूंना घेऊन आमच्याकडे आले. कोकणातल्या आपल्या तालुक्याच्या गावी त्यांना पिण्याच्या पाण्याचे जार पुरवण्याचा धंदा सुरू करायचा आहे. लग्नसराईत केटरिंगवाल्यांचे सामान वाहण्याचाही विचार आहे. जुनी गाडी बघून ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी बयाना द्यायचा होता. गाडी मोठी, रंग नवा, टायर नवे आणि भाव असा की मामूंनाच शंका आली. "साहेब, एवढी मोठी गाडी एवढ्या स्वस्तात का मिळते, ते तेवढे सांगा," असे ते म्हणाले.

आम्ही गाडीचा फोटो पाहिला नाही. आर.सी.ची प्रत मागितली. गाडी ११०९ मॉडेलची, म्हणजे ११ टनांच्या वर्गातली. भाच्याजवळ लायसन होते ते साध्या मोटारीचे. ड्रायव्हर ठेवण्याची ऐपत पहिल्या वर्षी नव्हती. म्हणजे बयाना दिला असता तर गाडी दारात उभी राहिली असती आणि मालकाला ती कायद्याने चालवता आली नसती.

अशी चूक करणारे ते एकटे नाहीत. बेकरीवाले, चिकनचे व्यापारी, मच्छीवाले, मंडपवाले, भंगारवाले असे आपले कितीतरी भाईबंद पहिली गाडी जुनीच घेतात. नव्या गाडीच्या किमतीत धंद्याचे भांडवल अडकून पडते, म्हणून जुनी घेण्यात शहाणपणच आहे. पण जुनी गाडी घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर पाहतात, भाव पाडतात आणि वजनाचे दोन आकडे मात्र वाचतच नाहीत. लायसन, परवाना, विमा आणि दंड हे सारे त्या आकड्यांवर अवलंबून असते. म्हणून या वेळी तोच विषय घेतला आहे.

दोन आकडे, एक वजाबाकी

प्रत्येक मालवाहू गाडीच्या आर.सी.वर दोन वजने असतात. एक रिकामे वजन आणि दुसरे ग्रॉस वजन. ग्रॉस वजन म्हणजे गाडी, तिच्यातला माल, ड्रायव्हर, हमाल, डिझेल असे सगळे धरून ती गाडी रस्त्यावर जास्तीत जास्त किती वजनाची असू शकते तो आकडा. बोलताना आपण याला पासिंग म्हणतो, पण पुष्कळ लोक पासिंग म्हणजे माल समजतात आणि तेथेच फसतात. मालाचे वजन काढायचे तर ग्रॉस वजनातून रिकामे वजन वजा करावे लागते.

दुसरी गोष्ट अशी की मोटार वाहन कायद्यात रिकाम्या वजनात गाडीवर नेहमी असणारी साधनसामग्री धरली आहे, पण ड्रायव्हर व मदतनीस धरलेले नाहीत. म्हणजे गाडीत तीन माणसे बसली की सुमारे दोनशे किलो मालाच्या वाट्यातून गेले.

तिसरी गोष्ट जुन्या गाडीची. दहा-बारा वर्षांत गाडीच्या अंगावर काय काय चढलेले असते! जाड पत्र्याची बॉडी, वर कॅरिअर, मागे शिडी, जादा पाटे, लोखंडी बंपर. आर.सी.वरचे रिकामे वजन गाडी नवी असतानाचे असते. म्हणून आमचा पहिला सल्ला असा की बयाना देण्यापूर्वी गाडी रिकामी करून जवळच्या वजनकाट्यावर न्या. काट्याची पावती फार तर काही रुपयांची, पण ती लाखाचा निर्णय करून देते. मालक काट्यावर न्यायला कुरकुर करू लागला तर त्यातूनही काय समजायचे ते समजून घ्या.

लायसनची रेघ ७,५०० किलोंवर

कायद्यात हलके मोटार वाहन म्हणजे ७,५०० किलोंपर्यंतचे. मालवाहू गाडीच्या बाबतीत हे वजन ग्रॉस धरायचे, रिकामे नव्हे. १९९४ सालच्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा ६,००० किलोंची होती, म्हणून काही जुने ड्रायव्हर आजही सहा टनांची गोष्ट सांगतात. ती आता विसरावी.

साध्या मोटारीच्या लायसनवर मालवाहू टेम्पो चालवता येतो की नाही, यावर कित्येक वर्षे कोर्टात भांडण चालले. विमा कंपन्यांचे म्हणणे असे की गाडी धंद्याची असेल तर लायसनवर ट्रान्स्पोर्टचा वेगळा शेरा पाहिजे, आणि तो नसेल तर अपघाताची भरपाई आमच्यावर नाही. जुलै २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला. पुढे तो प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभा देवी खटल्यात घटनापीठाने तोच निकाल कायम केला. ग्रॉस वजन ७,५०० किलोंच्या आत असेल तर हलक्या मोटार वाहनाचे लायसन पुरते, वेगळा शेरा लागत नाही.

या निकालाने लहान धंदेवाल्याच्या डोक्यावरचा मोठा बोजा उतरला. मालकाने स्वतः गाडी चालवावी किंवा मुलाने, भावाने चालवावी, असा धंदा आता निर्धास्तपणे करता येतो. मात्र निकालाचा अर्थ ताणू नये. ई-रिक्षा आणि धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्या यांचे नियम वेगळे आहेत. आणि गाडी ७,५०० च्या वर गेली की ट्रान्स्पोर्टचे लायसन हवेच. ते मिळण्यास वय २० वर्षे पूर्ण असावे लागते, शिकाऊ लायसन काढण्यापूर्वी हलक्या वाहनाचे लायसन निदान एक वर्ष हातात असावे लागते, आणि ते पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

लायसन नसताना गाडी चालवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही वेगळी तेवढीच शिक्षा आहे. पण खरी भीती दंडाची नाही. अपघात झाला आणि ड्रायव्हरचे लायसन त्या गाडीला चालणारे नसले, तर कोर्ट विमा कंपनीला जखमीची किंवा मयताच्या वारसांची भरपाई द्यायला सांगते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देते. सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या स्वरण सिंग निकालापासून हा मार्ग रुळला आहे. म्हणजे विम्याचा हप्ता भरूनही घर-जमीन विकण्याची पाळी येऊ शकते.

परवान्याची रेघ ३,००० किलोंवर

दुसरी रेघ ३,००० किलोंची. ज्या मालवाहू गाडीचे ग्रॉस वजन ३,००० किलोंपेक्षा जास्त नाही तिला कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परवाना लागत नाही. टाटा एससारखी लहान गाडी या रेघेच्या पुष्कळच आत आहे. पिकअप वर्गात मात्र जपून पाहावे, कारण एकाच नावाच्या पिकअपची काही मॉडेले ३,००० च्या आत असतात आणि काही बाहेर. शेजाऱ्याच्या पिकअपला परवाना लागला नाही म्हणून आपल्यालाही लागणार नाही असे समजू नये.

३,००० च्या वर गेलात की परवाना घ्यावा लागतो, त्याची मुदत सांभाळावी लागते आणि गाडी विकत घेतल्यावर तो आपल्या नावे करून घ्यावा लागतो. परवान्याशिवाय गाडी चालवल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांचा दंड व सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परवाना नको म्हणजे फिटनेसही नको, असा मात्र एक गैरसमज आढळतो. फिटनेस लहान-मोठ्या सर्व मालवाहू गाड्यांना लागतो. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला तो दोन-दोन वर्षांचा मिळतो, त्यापुढे दरवर्षी घ्यावा लागतो. फिटनेस संपलेली गाडी कायद्याच्या नजरेत नोंदणी नसलेल्या गाडीसारखीच. शिवाय महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीला पर्यावरण कर भरावा लागतो आणि पंधरा वर्षांनंतर फिटनेसची फीही वाढते. गाडी जितकी जुनी, तितकी भावात स्वस्त आणि कागदात महाग, हा हिशेब मांडूनच वर्षाचे गणित करावे.

कोणत्या मालाला कोणती गाडी

सर्व माल सारखा नसतो. पाव, खारी, बिस्किटे यांनी गाडी भरते पण वजन होत नाही. बेकरीवाल्याला उंच व बंद बॉडीची गाडी हवी, टनांची नको. ट्रॅव्हलरच्या जातीची डिलिव्हरी व्हॅन त्याला सोयीची. या गाडीचे मूळ जर्मन डायमलर-बेंझ कंपनीच्या व्हॅनमध्ये आहे. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ती १९८७ च्या सुमारास इकडे आणली. जुनी झाली तरी तिचे सुटे भाग व मिस्त्री गावोगावी मिळतात, हा तिचा मोठा गुण.

पीठ, तांदूळ, सिमेंट, लाद्या, पाणी यांचे उलटे असते. गाडी अर्धी रिकामी दिसते आणि वजन पुरे झालेले असते. ५० किलोंची चाळीस पोती म्हणजे दोन टन. २० लिटरचा पाण्याचा जार प्लास्टिक धरून सुमारे २१ किलोंचा, म्हणजे शंभर जार दोन टनांच्या वर. मच्छीवाल्याने मच्छीबरोबर बर्फही तोलावा. पुष्कळदा मच्छीइतकाच बर्फ असतो, आणि ग्रॉस वजनात त्याला माफी नाही. अशा धंद्याला मागे जोड चाके असलेली ४०७ च्या वर्गातली गाडी बरी. १९८६ साली आलेली ही गाडी आजही बाजारात दिसते ती तिच्या चासीमुळे व पाट्यांमुळे.

टाटांच्या गाड्यांच्या नावातले पहिले आकडे साधारणपणे टनांचे आणि शेवटचे अश्वशक्तीचे असतात. ७०९ म्हणजे सात टनांच्या घरातली, ११०९ म्हणजे अकरा टनांची. पण हा केवळ अंदाज. ४०७ चे ग्रॉस वजन चार टनांहून बरेच जास्त असते. एकाच नावाखाली वर्षागणिक वजने बदललेली आहेत. शेवटचा शब्द आर.सी.चा.

लग्नाच्या गाड्या करून थकलेली ट्रॅव्हलर घ्यायची, सीटा काढायच्या आणि माल भरायचा, ही युक्तीही अनेकांना सुचते. प्रवासी गाडीची मालगाडी आपल्या मनाने करता येत नाही. आर.सी.वर गाडीचा प्रकार प्रवासी असेल तर आर.टी.ओ.ची मंजुरी घेऊन नोंद बदलून घ्यावी लागते, नाहीतर परवाना, विमा सारेच लंगडे पडते. याच्या उलट, मालाच्या टेम्पोत माणसे भरणेही तितकेच धोक्याचे. बारात टेम्पोतून नेण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. मालगाडीत फुकट बसवून नेलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर नाही, असे सुप्रीम कोर्टाने आशा राणी खटल्यात डिसेंबर २००२ मध्येच सांगितले आहे.

जादा मालाचा खरा भाव

"थोडा जादा भरला तर काय होते?" हा प्रश्न आम्हांला नेहमी विचारतात. कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये. जादा माल उतरवण्याचा खर्चही आपलाच, आणि तो उतरवल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. मच्छीची गाडी अशी चार तास उभी राहिली तर त्या दिवसाचे काय होईल ते मच्छीवाल्याला सांगावे लागत नाही.

शिवाय गाडी आतून झिजते. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट उतरताना जादा वजनाची गाडी थांबवायला लायनर पुरत नाहीत. पाटे बसतात, हाऊसिंगला तडे जातात, मागचा टायर फुटतो. जुन्या गाडीत पूर्वीच्या मालकाने किती जादा वाहिले याची खूण पाट्यांतच असते. रिकामी गाडी मागून खाली बसलेली दिसली, किंवा दोन-तीन जादा पाटे घातलेले दिसले, तर ती गाडी आयुष्यभर तिच्या ताकदीबाहेर राबली आहे असे समजावे. जादा पाटे घातल्याने आर.सी.वरचे ग्रॉस वजन वाढत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

गाडी पाहताना

मिस्त्री आपल्या ओळखीचा न्यावा, विकणाऱ्याने सुचवलेला नव्हे. गाडी सकाळी थंड असताना सुरू करून पाहावी. गरम इंजिन सारेच दोष झाकते. सुरू असताना ऑईल भरायचे झाकण उघडावे. धूर जोराने बाहेर येत असेल तर इंजिनाचे काम जवळ आले आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑईल जळते, काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ओढून पाहावी, गिअर आपोआप निसटतो का ते पाहावे. स्टिअरिंगला किती खेळ आहे, पुढचे किंगपिन ढिले आहेत का, ते चाक उचलून तपासावे.

पण आमच्या मते पहिले लक्ष चासीवर द्यावे. इंजिन बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, पण कुजलेल्या चासीला उपाय नाही. किनाऱ्यावरची गाडी आणि त्यातही मच्छीची गाडी असेल तर मिठाचे पाणी वर्षानुवर्षे चासीवर ठिबकलेले असते. नव्या काळ्या रंगाखाली हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. आवाज भरीव यावा. वेल्डिंगचे जोड दिसले तर गाडी तेथेच सोडावी. चासी नंबर व इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आर.सी.शी ताडून पाहावेत.

कागद

फिटनेस, विमा, पी.यू.सी., टॅक्स, परवाना आणि बाकी चलाने या सर्वांची मुदत पाहावी. बरीचशी माहिती एम-परिवहन या सरकारी मोबाईल अॅपवर गाडीचा नंबर टाकून मिळते. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एन.ओ.सी. व फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुरे पैसे देऊ नयेत. गाडी परराज्यातली असेल तर तिकडच्या आर.टी.ओ.ची एन.ओ.सी. हवी.

व्यवहार झाला की फॉर्म २९ व ३० भरून नाव बदलून घ्यावे. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत. "नंतर करू" म्हणून कोऱ्या सहीचे फॉर्म कपाटात ठेवण्याची पद्धत दोघांच्याही गळ्याशी येते. आर.सी.वर ज्याचे नाव तोच जबाबदार मालक, असे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीनकुमार खटल्यात स्पष्ट केले आहे. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही. तो १४ दिवसांच्या आत अर्ज करून आपल्या नावे करून घ्यावा.

भाचेसाहेबांचे काय झाले?

त्यांचा बयाना वाचला. त्यांना रोज १५० जार पोचवायचे होते. १५० जार म्हणजे ३,१५० किलो. एकाच फेरीत न्यायचे म्हणून मोठी गाडी, असा त्यांचा विचार. आम्ही विचारले, "तुमच्या मोहल्ल्यातल्या गल्लीत ती गाडी वळेल का?" मामू हसले.

पुढे त्यांनी ४०७ च्या वर्गातली एक गाडी पाहिली. आर.सी.वर ग्रॉस ५,३०० आणि रिकामे २,९५० किलो. कागदावर माल २,३५० किलो. काट्यावर नेली तर रिकामी गाडी ३,२८० भरली. बॉडी जड, वर कॅरिअर. म्हणजे मालाला उरले २,०२०, आणि तीन माणसांचे २१० गेल्यावर १,८१०. ७५ जारांचे वजन १,५७५ किलो. दोन फेऱ्यांत १५० जार, आणि तरी दोनशे किलोंहून अधिक जागा शिल्लक. वजनातल्या या फरकावर बोट ठेवून त्यांनी भावही कमी करून घेतला, आणि कॅरिअर उतरवून, बॉडीची नोंद आर.टी.ओ.कडून दुरुस्त करून देण्याची अट विकणाऱ्याला घातली. त्याने ती मानली. गाडी त्यांच्या नावावर झाली आहे आणि ते ती आपल्या साध्या लायसनवर स्वतः चालवतात.

आखातातल्या उन्हात पंधरा-सोळा वर्षे साठवलेला पैसा तो. तो वाचवायला फार विद्वत्ता लागली नाही. आर.सी.वरचे दोन आकडे, काट्याची एक पावती आणि एक वजाबाकी एवढेच पुरले. गाडी घेऊ पाहणाऱ्या आमच्या वाचकांनीही भाव विचारण्यापूर्वी एवढे जरूर करावे.